रकाना

पहाटे पाचला मी धर्मशास्त्राच्या इमारतीचं कुलूप काढते.
आमच्या विद्यापीठाला कुंपण नाही.
शहर एका अंगाने आत शिरतं, दुसऱ्या अंगाने बाहेर पडतं:
तिळाच्या कड्यांची गाडी ढकलणारा म्हातारा,
प्रदर्शनाच्या मैदानाकडे निघालेले मजूर,
रात्रपाळी संपवून पाय ओढत जाणाऱ्या नर्सेस.
सगळ्यांचा चिखल माझ्याकडे जमा.
सत्तावीस वर्षं मी थेसालोनिकीचे पाय पुसते आहे.

इथे सगळ्यांना ठाऊक असतं
आणि जेवताना कुणी काढत नाही:
या वर्गांखाली ज्यूंचं कबरस्तान होतं.
बेचाळीसच्या हिवाळ्यात, जर्मनांच्या अमलात,
आमच्याच नगरपालिकेच्या कुदळींनी ते उकरलं.
पुढच्या वर्षी माणसंही नेली, मालगाड्यांतून.
मधल्या काळात शहरात संगमरवर स्वस्त झाला.
कुणाला पायऱ्या मिळाल्या, कुणाला अंगणाची फरशी,
माझ्या सासऱ्यांना धुण्याचा दगड.

'मिळाला' म्हणते मी.
घरात हाच शब्द चालत आलाय.

त्यावर मी तीन लेकरांची दुपटी आपटली,
ऑलिव्ह ठेचले, ऑक्टोपस मऊ केला.
मार्चमध्ये पाइप फुटला. प्लंबरने दगड पालथा केला
आणि खालच्या अंगाला अक्षरं.
इतकी वर्षं मातीकडे तोंड करून,
म्हणूनच एकही झिजलेलं नव्हतं.

मिर्सिनी हिब्रू शिकते. वाचनालय बंद झालं की
माझ्या बादलीशेजारी, पायरीवर बसून.
फोटोवर तिचं बोट उजवीकडून डावीकडे सरकलं.
"जोया," ती म्हणाली. "रंगाऱ्याची बायको. पुढचं तुटलंय."
"पुढे काय असतं?"
"बहुतेक गुण. ती किती चांगली होती, ते."
"रंगारी म्हणजे भिंतींचा?"
"लोकरीचा, एव्हांथिया."
म्हणजे तिचेही हात कोपरापर्यंत निळे असणार,
माझे ब्लीचने पांढरे पडतात तसे.
आणि तिच्याच पाठीवर मी धुणं धुतलं.

लाझारोस म्हणाला, "आई, जाऊ दे ना आता."
पण उचलायला तोच आला.
गोधडीत गुंडाळून आम्ही दगड बसमध्ये चढवला.
"काय, मयत आहे का?" ड्रायव्हर हसला.
मी तीन तिकिटं काढली.

फाटकच नाही, तरी पहारेकरी आहे. स्टेर्गिओस.
त्याच्याकडे वही आहे, वहीत रकाने:
दान. सापडलेलं. विभागाचं सामान.
"ह्यातलं कोणतं?"
"परत आणलेलं."
"तसा रकाना नाही."
"मग?"
त्याने सिगारेट शिलगावली, अर्धी ओढली,
लाझारोसकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं,
मग ओळखपत्राची कड पट्टीसारखी धरून
समासात एक रेघ मारली.
वर लिहिलं: परत. खाली: दगड, नग एक.
मी म्हटलं, "नग नको लिहू. नाव आहे तिला."
त्याने खोडलं. स्पेलिंग विचारलं.
मला कुठे येतंय.

स्मारकापाशी तुटक्या दगडांजवळ आम्ही तिला ठेवली.
दोन मुलं फ्रिस्बी खेळत होती, थांबली नाहीत.
ते बरंच वाटलं मला, का ते सांगता येत नाही.

संध्याकाळी अंगणात चौकोनी खळगा, त्यात गांडुळं.
धुणं अजून बादलीत.
भिंतीपलीकडून लेमोनियाने हाक मारली,
आधी बटाट्यांचा भाव विचारला,
मग तोंड दुसरीकडे करून म्हणाली,
"आमची जिन्याची तिसरी पायरी...
तिच्याखाली हात घातला की खरखरीत लागतं काहीतरी.
तुझी ती पोरगी येईल का? दिवसा नको.
टॉर्च घेऊन."